भर दुपारचा कॅमेरा : प्रवासातल्या इन्फ्रारेड फोटोग्राफीच्या नोंदी

इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातले फोटो काढायचे तर कॅमेऱ्याची बॉडी उघडून आतली काच बदलून घ्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्याकडे एकच डीएसएलआर आहे आणि नेहमीच्या रंगीत फोटोंनाही तोच लागतो. त्यामुळे बॉडीला हात न लावता, लेन्सपुढे ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्या तरंगलांबीच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा) फिल्टर लावून प्रवासात कितपत जमतं ते पाहायचं ठरवलं. बॉडी बदलून घ्यायला जो खर्च येतो त्याच्या लहानशा भागात फिल्टर येतो. उरलेली किंमत वेळात मोजावी लागते. ती किती, हे पुढे लिहिलंच आहे. सोबत माझा मोठा भाऊ होता. तो फोटो काढत नाही, पण चालायला आणि थांबायला दोन्हीला तयार असतो, आणि या कामात दुसरं जास्त लागतं.

६ ऑक्टोबर. निघण्यापूर्वी, कॅमेऱ्याची परीक्षा

डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर त्याच्या पुढे, जवळजवळ ११०० पर्यंत टिपू शकतो. पण रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात. ही काच इन्फ्रारेड किती कडक अडवते यावर सगळं अवलंबून. काही जुन्या बॉडींमध्ये, उदाहरणार्थ २००४ च्या निकॉन डी७० मध्ये, हे अडवणं बरंच ढिलं होतं आणि म्हणून या कामासाठी त्या आजही शोधल्या जातात.

तपासायची सोपी रीत म्हणजे टीव्हीचा रिमोट. खोलीत अंधार करून रिमोट लेन्सकडे धरायचा, बटण दाबायचं आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं. माझ्या फोटोत रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा ठिपका आला. मंद, पण आला. रिमोट साधारण ९४० च्या आसपास चालतो, त्यामुळे तिथे थोडंसं जरी दिसलं तरी ७२० ला काम होईल असं धरून चालायला हरकत नाही.

मग फिल्टर लावून उन्हात मोजणी केली. फिल्टरशिवाय आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा मोठा तसं छिद्र लहान) ला १/४०० सेकंद पुरत होता. फिल्टर लावल्यावर तेवढाच उजेड मिळवायला २० सेकंद लागले. म्हणजे सुमारे १३ स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). हा आकडा प्रत्येक बॉडीचा वेगळा असतो, तेव्हा दुसऱ्याचा घेऊ नका. स्वतःचा काढा आणि फिल्टरच्या डबीवर लिहून ठेवा. उन्हात उभं राहून आकडेमोड करण्यात फार वेळ जातो.

फिल्टर ७७ मिमीचा घेतला, म्हणजे सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा. बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

एक सूचना इथेच. हा फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे बघू नका. काच काळी दिसते म्हणून बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड मात्र थेट आत जातो.

९ ऑक्टोबर. फोकस आणि लाल चित्र

फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) फुल अ‍ॅपर्चरला, आयएसओ वर नेऊन बघितला तर उन्हातलं पान कसंबसं दिसतं, पण इतक्या दाणेदार चित्रावर फोकस ठरवणं कठीण. म्हणून क्रम असा बसवला: आधी ट्रायपॉडवर फ्रेम ठरवायची, फिल्टरशिवाय ऑटोफोकस करायचा, मग ऑटोफोकस बंद करून फिल्टर लावायचा.

पहिल्या सगळ्या फ्रेम किंचित मऊ आल्या. कारण इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशाच्या थोडा मागे पडतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराच्या खुणेशेजारी एक लाल ठिपका असायचा तो यासाठीच. अंतराची खूण त्या ठिपक्यासमोर आणली की झालं. माझ्या लेन्सवर ठिपका नाही. त्यामुळे फोकस झाल्यावर रिंग जवळच्या अंतराकडे थोडी थोडी सरकवत तेच झाड पुन्हा पुन्हा टिपलं, कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं आणि जिथे पानं धारदार आली तिथे रिंगवर पांढऱ्या पेनाने खूण केली. झूम लेन्सला फोकल लेंग्थ बदलली की ही जागा बदलते, म्हणून खुणा दोन केल्या, एक रुंद टोकाची आणि एक लांब टोकाची.

दुसरी अडचण फिल्टर फिरवून बसवण्याची. तो घट्ट करताना फोकस रिंगही सोबत फिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून ती पक्की केली. चुंबकाने चिकटणारी फिल्टर रिंग मिळते. ज्यांना हे काम वारंवार करायचं आहे त्यांनी पहिला खर्च तिच्यावर करावा.

रंगांचं म्हणाल तर चित्र येतं ते निव्वळ लालभडक. हिरवळ पूर्ण फ्रेममध्ये घेऊन, फिल्टर लावूनच एक फोटो काढला आणि कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स (कशाला पांढरं धरायचं ते) त्यावरून सेट केला. गवत लगेच पांढरट झालं, कारण पानं इन्फ्रारेड भरपूर परतवतात, आणि स्क्रीनवर निदान काय चाललंय ते कळू लागलं. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची, हवीच. जेपीजीमध्ये लाल चॅनल (चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचं असतं) एकदा कमाल उजेडाला टेकून फुटला की त्यातून काही निघत नाही.

१३ ऑक्टोबर. नदीकाठ, वारा

प्रवासातला पहिला खरा दिवस. सकाळी लवकर उठण्याची सवय इथे उपयोगाची नाही. फोटोग्राफर ज्या वेळी कॅमेरा बॅगेत ठेवतो ती वेळ, म्हणजे साधारण अकरा ते तीन, इन्फ्रारेडची. ऊन कडक हवं आणि पानांवर सरळ पडायला हवं. दादाला हे पटेना. "अगं, ऊन डोक्यावर आलंय, आता कसले फोटो काढतेस?" मी त्याला स्क्रीनवर समोरचंच झाड दाखवलं, पांढरंशुभ्र. मग तो सावली शोधून बसला.

२० सेकंदांत पानं स्थिर राहत नाहीत. अगदी हलक्या वाऱ्यातही फांद्यांची टोकं धुरकट पुसट झाली. पाण्याचं मऊ होणं चालतं, चांगलंही दिसतं, पण झाडाचा आकारच हरवला की चित्रात पाहायला काही उरत नाही. वारा थांबायची वाट पाहण्यात दुपारचा चांगला भाग गेला.

तोडगा आकड्यांतच होता. अ‍ॅपर्चर एफ/८ वरून एफ/५.६, आयएसओ १०० वरून ८००. एकूण चार स्टॉप मिळाले आणि २० सेकंदांचे १.३ सेकंद झाले. दोन झुळकांच्या मधल्या शांततेत एवढा वेळ मिळतो. दाणे वाढले, तेही जरा जास्तच, कारण ७२० ला मुख्य माल लाल चॅनलमध्येच येतो आणि व्हाइट बॅलन्स सावरताना निळा-हिरवा चॅनल ताणावा लागतो. पण दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं पान नंतर जागेवर आणता येत नाही. यापुढे झाडांसाठी आयएसओ ८०० आणि मोकळ्या पाण्या-दगडासाठी १००, असं ठरवून टाकलं.

हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख; उजवी कडा म्हणजे कमाल उजेड) पाहताना एक काळजी: एकत्रित पांढरा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र उजव्या भिंतीला आपटलेला असतो. तिन्ही चॅनल वेगळे दाखवणारा हिस्टोग्रामच पाहावा.

१४ ऑक्टोबर. हॉटस्पॉट

काल रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले आणि नदीकाठी झूम लेन्सवर काढलेल्या एफ/८ च्या प्रत्येक फ्रेममध्ये मधोमध एक फिकट गोल चकती दिसली. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर, तेही भर उन्हात, ती लक्षात येण्यासारखी नव्हती. नदीचे बरेचसे फोटो गेले.

याला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या काचांवरचं कोटिंग आणि आतल्या नळीचा काळा रंग दृश्य प्रकाशासाठी केलेला असतो. इन्फ्रारेडमध्ये तो तितका काळा राहत नाही, प्रकाश आत आपटत राहतो आणि मध्यावर गोळा होतो. लेन्स महाग आहे की स्वस्त याच्याशी याचा संबंध नाही. अ‍ॅपर्चर जितकं लहान तितका डाग स्पष्ट.

आजची सकाळ फक्त याच चाचणीत घालवली. ज्याला हे काम करायचं आहे त्याने ती घरूनच करून निघावं, प्रवासातला दिवस वाचेल. पद्धत अशी: उन्हातली एक साधी फिकट भिंत घ्यायची, प्रत्येक लेन्स प्रत्येक अ‍ॅपर्चरवर फिल्टरसकट टिपायची, झूम असेल तर दोन्ही टोकांना. मग लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवायचा. लपलेला डाग बाहेर येतो.

माझ्या झूमचा निकाल: एफ/५.६ पर्यंत जेमतेम, एफ/८ ला ठळक, एफ/११ ला पैशाएवढी रेखीव चकती. ५० मिमीची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) एफ/८ पर्यंत स्वच्छ. तिथून पुढचा सगळा प्रवास ५० मिमीवर केला. रुंद दृश्य हवं तिथे कॅमेरा उभा धरून तीन-चार फ्रेम शेजारी शेजारी घेतल्या आणि नंतर जोडल्या. वारा असेल तर जोडताना पानं जुळत नाहीत, तेव्हा हे फक्त शांत हवेत.

आधी बिघडलेल्या फ्रेमपैकी काही सावरायचा प्रयत्न केला. गोल मास्क घालून मधला भाग गडद करता येतो, पण डागाचा रंगही वेगळा असतो. कृष्णधवल करणार असाल तर खपून जातं. रंगीत ठेवणार असाल तर आकाशावर कडा उरते.

१६ ऑक्टोबर. ढग

टेकडीवर चढून गेलो आणि आभाळ भरून आलं. ढगाखाली पानं पांढरीच येतात, पण सगळीकडे सारखी पांढरी. काळं काहीच नाही, आकाश राखाडी, चित्र पिठूळ. एक-दोन फ्रेम घेऊन कॅमेरा ठेवला आणि हा वेळ रंगांसाठी वापरला.

अडोबीच्या रॉ सॉफ्टवेअरमध्ये रंगाचं तापमान २००० केल्विनच्या खाली जात नाही. ७२० च्या फाइलला त्याच्याही खाली जावं लागतं, म्हणून स्लायडर डाव्या टोकाला जाऊन अडकतो आणि चित्र लालच राहतं. कॅमेऱ्यातला कस्टम व्हाइट बॅलन्स लॅपटॉपवर पोचेपर्यंत टिकत नाही, असं वाटतं ते यामुळेच. उपाय म्हणजे स्वतःच्या बॉडीसाठी एक कॅमेरा प्रोफाइल (रंग कसे वाचायचे हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनवणं. अडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर मोफत आहे. त्यात आपली एक फाइल डीएनजी (अडोबीचाच रॉ प्रकार) करून उघडायची, कलर मॅट्रिसेसच्या पानावर तापमान -१०० करायचं, प्रोफाइल साठवायची. एकदा केलं की त्या बॉडीच्या प्रत्येक फाइलला ती लावता येते आणि स्लायडरला पुन्हा जागा मिळते.

व्हाइट बॅलन्स झाल्यावर आकाश तांबूस-तपकिरी आणि पानं निळसर पांढरी येतात. आकाश निळं हवं असेल तर चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल: लाल आउटपुटला लाल ०, निळा १००; निळ्या आउटपुटला लाल १००, निळा ०. आकाश निळं होतं, पानं पिवळसर पांढरी.

पाहणाऱ्यांची अपेक्षा बहुतेक वेळा गुलाबी झाडांची असते. ती प्रतिमा कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मवरून आलेली आहे. ती फिल्म विमानातून पाहणी करण्यासाठी बनली होती, आणि आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोमध्ये ती वापरल्यावर तो गुलाबी रंग जगभर पोचला. पण ती फिल्म इन्फ्रारेडबरोबर हिरवा आणि लाल प्रकाशही नोंदवत असे. ७२० चा फिल्टर हिरवा पूर्ण अडवतो, म्हणून तो गुलाबी त्यातून खऱ्या अर्थाने निघत नाही. ओढूनताणून रंग चढवता येतो. मी तो चढवला नाही.

१७ ऑक्टोबर. चित्राच्या खालच्या कडेला पट्टा

आज ऊन. पण लांब एक्स्पोजरच्या फ्रेममध्ये खालच्या बाजूला फिकट जांभळा पट्टा. आधी लेन्सवर संशय घेतला, मग फिल्टरच्या धाग्यांवर. रिंग काढली, पुसली, पुन्हा लावली. पट्टा तसाच. शेवटी ऊन पाठीमागून येत असेल तेव्हाच तो दिसतो हे लक्षात आलं. म्हणजे प्रकाश व्ह्यूफाइंडरमधून आत येत होता. एरवी डोळा तिथे असतो, आणि १/४०० सेकंदात काही कळत नाही. १३ स्टॉप अंधार करून २० सेकंद शटर उघडं ठेवलं की मागून झिरपणारा उजेडही मोजला जातो.

कॅमेरा गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला असलेलं रबरी झाकण याच कामाचं असतं. ते लावलं, वर काळी चिकटपट्टी मारली, चित्रातला जांभळा पट्टा गेला. मिररलेसवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसा आणि आरशाचं व्ह्यूफाइंडर नसतं त्यांना, ही अडचण येत नाही.

बॅटरीबद्दलही इथेच: लाइव्ह व्ह्यू, लांब एक्स्पोजर आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मिळून बॅटरी दुपारीच संपते. नॉइज रिडक्शन प्रत्येक फ्रेमनंतर तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतं, म्हणजे वेळ दुप्पट. मी ते बंद करून टाकलं आणि चमकणारे पिक्सेल लॅपटॉपवर काढले.

संध्याकाळी फिल्टर स्टेप-अप रिंगमध्ये अडकून बसला. बोटांनी चिमटीत धरून जोर लावला की रिंग किंचित लंबगोल होते आणि आणखीच घट्ट बसते. दोन्हींवर जाड रबर बँड गुंडाळून, तळव्याने सगळीकडून सारखा दाब देत फिरवलं तर सुटला. बॅगेत दोन रबर बँड ठेवा.

१९ ऑक्टोबर. तळं आणि दूरचे डोंगर

सकाळी दाट धुकं होतं. इन्फ्रारेड धुक्यातून आरपार पाहतो असं ऐकलं होतं, म्हणून तेवढ्यासाठी लवकर गेलो. काही फरक नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते दृश्य प्रकाशाला आणि इन्फ्रारेडला सारखंच विखुरतात.

धुकं विरल्यावर मात्र दूरवर निळसर धूसरपणा उरला, आणि तिथे फरक पडला. हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे आणि रेणूंमुळे येणारा हा निळेपणा तरंगलांबी वाढली की झपाट्याने कमी होतो. रेणूंच्या बाबतीत हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं. ४५० च्या निळ्याच्या तुलनेत ७५० ला विखुरणं जवळजवळ आठ पटींनी घटतं. डोळ्याला निळ्या पुसट रेषेसारख्या दिसणाऱ्या डोंगरावरच्या घळी फोटोत मोजता येतील इतक्या स्पष्ट आल्या. आकाशही याच कारणाने गडद होतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये काळ्या आकाशाखाली पांढरी झाडं असलेले फोटो प्रसिद्ध केले, तेव्हापासून या चित्रांची ओळख हीच आहे.

तळ्याचं पाणी काळं आलं, कारण त्यात गडद आकाशाचंच प्रतिबिंब होतं. किनाऱ्याची हिरवळ पांढरी, पाणी काळं, ढग पुन्हा पांढरे. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलं की आकाश सगळ्यात गडद मिळतं, सूर्याच्या दिशेने ते फिकटत जातं. पलीकडच्या काठावर सूचिपर्णी झाडांची रांग होती, ती शेजारच्या रुंद पानांच्या झाडांपेक्षा बरीच गडद आली. त्या एका फरकाने किनारा एकसुरी व्हायचा वाचला. मिश्र झाडी दिसली तर थांबा.

२१ ऑक्टोबर. माणूस

दादाला बसवलं. १.३ सेकंद म्हणजे पाठ टेकायला भिंत हवी. उभा राहिला तेव्हा चेहरा हलला, खाली बसून डोकं टेकवलं तेव्हा मिळाला. त्वचा दुधाळ, डाग-सुरकुत्या जवळजवळ पुसलेल्या, कारण इन्फ्रारेड त्वचेच्या थोडा आत जाऊन परत येतो. चेहऱ्यातलं वय निघून जातं आणि त्याबरोबर माणूसही थोडा निघून जातो, असं मला वाटलं. दादाच्या चेहऱ्यावरचं उन्हाने रापलेपण मला हवं होतं, ते या चित्रात नाही.

कपड्यांचं काही सांगता येत नाही. त्याचं काळं जॅकेट फिकट करडं आलं, काळी पँट काळीच राहिली. काळ्या चष्म्याच्या काचा साध्या काचेसारख्या पारदर्शक आल्या. कापडाचा रंग डोळ्याला काळा दिसतो तो दृश्य प्रकाश शोषतो म्हणून; इन्फ्रारेडचं काय करायचं हे त्या रसायनावर असतं. २००६ चा लायका एम८ कॅमेरा काळं सिंथेटिक कापड जांभळट दाखवत असे ते याच कारणाने. त्याची सेन्सरपुढची काच पातळ होती, आणि कंपनीला लेन्सवर लावायचे इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर द्यावे लागले होते.

रात्री खोलीत एलईडी दिव्याखाली करून पाहिलं. काहीच मिळालं नाही. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात इन्फ्रारेड नसल्यासारखाच. तारेचा जुना बल्ब असता तर भरपूर मिळाला असता.

२२ ऑक्टोबर. पडकी इमारत

या सगळ्या प्रवासात ज्या दिवसासाठी फिल्टर घेतला असं वाटावं तो हा दिवस. छप्पर गेलेली दगडी इमारत, भिंतींवर वेल, आत उगवलेलं एक मोठं झाड, कमानी शाबूत. ऊन कडक, वारा नाही.

सुरुवातीच्या फ्रेम नेहमीच्या होत्या: पांढरा वेल, करडा दगड. बऱ्या होत्या. मग कमानीच्या आत उभं राहून बाहेरचं टिपलं आणि स्क्रीनवर पाहिलं तेव्हा सावल्यांचं काहीतरी वेगळं चाललं आहे हे लक्षात आलं. भिंतीची सावली डोळ्याला चांगली उजेडाची दिसत होती, फोटोत ती ठार काळी. उलट झाडाखालची सावली डोळ्याला गर्द, थंड वाटत होती आणि फोटोत ती आतून उजळलेली.

कारण दोन्हींचं वेगळं आहे. भिंतीच्या सावलीत जो उजेड असतो तो आकाशाचा, निळा, आणि त्यात इन्फ्रारेड फार थोडा. झाडाच्या सावलीत पानांतून गाळून आलेला प्रकाश असतो. पान लाल आणि निळा प्रकाश खातं, पण इन्फ्रारेडचा जवळपास निम्मा भाग आरपार जाऊ देतं आणि उरलेला बहुतेक परतवतं. म्हणून झाडाखाली, खोडावर, मुळांवर, जमिनीवर इन्फ्रारेड भरून राहिलेला असतो.

हे कळल्यावर दुपारभर दुसरं काही केलं नाही. भिंतीची सावली जिथे झाडाच्या सावलीला भिडते अशा जागा शोधल्या. एका दारातून आत पाहिलं की दोन्ही बाजूंचे खांब काळे, मध्ये झाड आणि त्याच्या बुंध्याजवळची जमीन धगधगीत पांढरी. नुसत्या डोळ्याने त्या दारात उभं राहिलं तर झाडाखालचाच भाग अंधारा दिसतो. उजेड आणि अंधार यांची जागा पूर्ण बदललेली. इतके दिवस मी झाडं पांढरी येतात म्हणून झाडांकडे कॅमेरा धरत होते आणि चित्रं एकमेकांसारखी होत होती. पांढऱ्याला काळ्याचा काठ मिळाला तेव्हा चित्र उभं राहिलं.

तांत्रिक बाजू: भिंतीच्या सावलीत थोडा तपशील हवा म्हणून दोन एक्स्पोजर घेतली, एक नेहमीचं आणि एक सुमारे चौपट वेळाचं, आणि नंतर जोडली. जोडलेली चित्रं मला आवडली नाहीत. सावलीतला दगड दिसायला लागल्यावर दाराची ताकद कमी झाली. काळं काळंच ठेवलं. फोकस झाडाच्या खोडावर, फिल्टरशिवाय, मग रिंग खुणेपर्यंत सरकवून. एफ/८, आयएसओ १००, २० सेकंद, कारण हवा स्थिर होती आणि ते परवडलं. माणसं ये-जा करत होती, २० सेकंदांत ती नाहीशी झाली. एक जण बराच वेळ थांबला, त्याचा अर्धवट ठसा उमटला. ती फ्रेम टाकून दिली.

तीन वाजल्यानंतर भिंतींच्या सावल्या झाडावर चढल्या आणि काम संपलं.

२६ ऑक्टोबर. परतल्यावर, निवड आणि छपाई

रंगीत ठेवायचे की कृष्णधवल, हा प्रश्न बहुतेक फ्रेमनी आपणच सोडवला. तळ्याच्या दोन फ्रेम अदलाबदल केलेल्या रंगांत ठेवल्या, कारण तिथे निळं आकाश आणि ढग मिळून काही सांगत होते. पडक्या इमारतीच्या सगळ्या कृष्णधवल. रंग आला की बघणारा आधी विचारतो, हे कसं केलं. कृष्णधवलमध्ये तो आधी दार पाहतो.

कृष्णधवल करताना फक्त लाल चॅनल घ्या. निळ्या-हिरव्यात दाणेच जास्त आहेत, सगळ्यांची सरासरी घेतली की ते चित्रात येतात. आयएसओ ८०० च्या फ्रेममध्ये हा फरक लगेच दिसतो.

छपाईत पहिली प्रत वाया गेली. स्क्रीनवर वेगळे दिसणारे पानांचे पांढरे कागदावर एक झाले, झाड म्हणजे नुसता कोरा डाग. पांढऱ्याचं वरचं टोक थोडं खाली आणून, फक्त पानांच्या भागात बारीक कॉन्ट्रास्ट वाढवून दुसरी प्रत काढली, मॅट कागदावर. तीत पानं सुटी दिसतात.

बॉडी बदलून घ्यायचा विचार आता पक्का झाला आहे. पण आहे ती नाही, एखादी जुनी मिररलेस घेऊन. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, म्हणजे खुणा, चिकटपट्ट्या आणि व्ह्यूफाइंडरचं झाकण, तिन्ही जातात. काच ७२० ची बसवायची की फुल स्पेक्ट्रम साधी (दृश्य आणि इन्फ्रारेड दोन्ही प्रकाश आत सोडणारी), यात मी फुल स्पेक्ट्रमकडे झुकते आहे: लेन्सपुढे ७२० चा हाच फिल्टर लावता येईल, आणि हिरव्याचाही थोडा भाग येऊ देणारा फिल्टर लावून रंगांचे प्रयोगही करता येतील. एक्स्पोजर हातात धरून घेण्याइतकं छोटं होईल. लेन्स मात्र तिच्यावर पुन्हा तपासावी लागेल, कारण हॉटस्पॉट बॉडी बदलली म्हणून जात नाही.